सांगितलं तेवढं

मिस्त्री सुटणार आहे पण त्याला न्यायला कोणी तयार नाही, असं तुरुंगातल्या कारकुनानं फोनवर सांगितलं, तेव्हा पाळकसाहेब रविवारच्या उपदेशाची तयारी करत होते. विषय आज्ञापालनाचाच होता. त्यांच्याकडे तो विषय वर्षातून दोनतीनदा तरी यायचा. चर्चच्या मंडळीतली माणसं आपसात हसून म्हणत, साहेबांचं गाणं एकच, चाल फक्त बदलते.

पण ते पोकळ बोलणारे नव्हते. धीर देणं कोणालाही जमतं, असं त्यांचं मत होतं. पाळकानं विश्वासणाऱ्यांना आज्ञा काय आहे ते स्पष्ट सांगावं आणि ती पाळायला लावावी, मग कोणाला गोड लागो की कडू. खोटी मापं वापरणाऱ्या एका दुकानदाराला त्यांनी भर मंडळीत उभं केलं होतं. तो वर्षभर फिरकला नाही, मग परत आला, आणि त्याची मापं खरी झाली. साहेबांना हे पुरेसं वाटे.

मिस्त्री गवंडीकाम करायचा. त्यानं बायकोच्या डोक्यात हातोडी घातली होती. साहेब या मंडळीत आले त्याच्या आधीची ही गोष्ट. आल्यावर ते दर आठवड्याला तुरुंगात जाऊ लागले. मिस्त्री आधी तोंड फिरवून बसे, मग ऐकू लागला, आणि एके दिवशी इतका रडला की पहारेकऱ्यानं पाणी आणून दिलं. साहेबांनी त्याला तिथंच प्रभुभोजन दिलं, पश्चात्ताप केलेल्याला मिळणारा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस. त्यानंतर मिस्त्री पालटल्याची ही हकिगत, ही साक्ष, त्यांनी किती सभांमधून सांगितली याला गणती नाही. बाहेरच्या मंडळ्याही त्यांना बोलावू लागल्या. लोक डोळे पुसत. आता मिस्त्रीला अर्धांगवायू झाला होता, डावी बाजू पूर्ण गेली होती, आणि म्हणून तुरुंगवाले त्याला शिक्षा संपण्याआधीच सोडत होते.

मिस्त्रीला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा दूर राहायचा. साहेबांनी फोन केला तर तो शांतपणे म्हणाला, "माझे वडील वारले. आईबरोबरच." आणि फोन ठेवला. राहिली मुलगी. मंडळीत तिला सगळे ताई म्हणत. ती इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती.

लाँड्री तळघरात होती. ओल्या चादरी हातगाडीवरून यायच्या, दोघी बायका दोन टोकं धरून चादर इस्त्रीच्या तापलेल्या रुळात सरकवायच्या, आणि पलीकडून ती कोरडी, सपाट होऊन बाहेर पडायची. आवाज असा की कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलता येत नसे. साहेब जेवणाच्या सुट्टीपर्यंत जिन्यात थांबले. ताई बाहेर आली ती एप्रनला हात पुसतच.

"तुमचे वडील सुटतायत," साहेब म्हणाले.

"कळलं मला."

"उठता येत नाही त्यांना. एक हात, एक पाय गेलाय."

"मग तिथंच ठेवा म्हणावं. तिथं डॉक्टर आहे."

"ते ठेवत नाहीत, ताई."

ती भिंतीला टेकली. वाफेनं तिचे केस कपाळाला चिकटले होते. "पाळकसाहेब, तुम्ही मला विचारायला आलात की सांगायला?"

साहेब गडबडले. "तुम्ही प्रार्थना करा. देव तुम्हाला..."

"प्रार्थना मी रोज करते. त्यात हे कधी आलेलं नाही. विचारत असाल तर माझं उत्तर नाही असं आहे. सांगत असाल तर आणीन. मी मंडळीपुढे उभं राहून वचन दिलंय आज्ञा पाळीन म्हणून. पण गोल गोल बोलू नका. सांगायचं तर सरळ सांगा, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर मला तुमचं नाव सांगता येईल."

आतली यंत्रं बंद झाली होती, त्यामुळे तिचं बोलणं फार मोठ्यानं ऐकू आलं. साहेबांच्या मनात त्या क्षणी एक चित्र आलं: ज्याच्या हातून आई गेली त्या बापाला लेक न्हाऊ घालते आहे. आणि त्या चित्रामागे सभा होती, ऐकणारी माणसं होती. त्यांनी ते झटकलं. पण ते आलं होतं, हे पुढे त्यांना पुष्कळदा आठवलं.

"सांगतो," ते म्हणाले. "आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आहे. बाप चांगला असेल तरच राखा, असं तिथं म्हटलेलं नाही."

"ठीक," ताई म्हणाली. "कधी सोडणार?"

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मिस्त्रीला खुर्चीत बांधून वर चढवावं लागलं. डोक्याकडची बाजू ताईच्या नवऱ्यानं धरली होती. तो बसगाड्या दुरुस्त करायचा, हातांना सदा तेलाचा वास. मधल्या मजल्यावर दम खायला थांबले तेव्हा तो साहेबांना म्हणाला, "मी आडवा येणार नाही. हिचं ठरलंय. पण माझी पोरगी या माणसाबरोबर एका छपराखाली झोपणार नाही. तिला मी बहिणीकडे ठेवतोय."

"इतकं करायची गरज नाही हो. तो आता हलूही शकत नाही."

"पाळकसाहेब, तुम्ही पाय धरा. पाय सुटतायत."

खाट बाहेरच्या खोलीत लावली. भिंतीवर ताईच्या आईचा फोटो होता, आणि मिस्त्रीला चालत्या कुशीवर झोपवलं की नजर नेमकी तिकडेच जायची. साहेबांनी हळूच सुचवलं, थोडे दिवस फोटो आत लावला तर? ताई उशीला अभ्रा घालत होती. "तो आधीपासून तिथं आहे," ती म्हणाली.

आणि मग तिनं जे केलं त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. कामावर जाण्याआधी ती त्याचं अंग पुसायची, कपडे बदलायची, घास भरवायची. दुपारच्या सुट्टीत धावत घरी येऊन कूस बदलून जायची. संध्याकाळी पुन्हा तेच. रात्री दर काही तासांनी उठायची, कारण एकाच कुशीवर राहिला तर जखमा होऊन पाठ फुटेल असं इस्पितळातल्या नर्सनं सांगितलं होतं. साहेब भेटीला जात तेव्हा मिस्त्रीची दाढी केलेली असे, नखं कापलेली असत, आणि चादरीवर एक सुरकुती नसे.

साहेबांनी ते एका रविवारी उपदेशात सांगितलं. नाव घेतलं नाही, पण न कळायला मंडळी काही दुधखुळी नव्हती. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ताई मान खाली घालून बसली होती. सभा संपल्यावर ती कोणाशी न बोलता निघून गेली, कारण कूस बदलायची वेळ झाली होती.

पुढच्या भेटीत मिस्त्रीनं साहेबांचा हात धरला. त्याचं बोलणं जड होतं, पण समजे.

"ती बोलत नाही."

"थकत असेल."

"एक शब्द नाही. आलो त्या दिवसापासून. भरवते, पुसते, वळवते. शिवी तरी दे म्हणावं. तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकते ती."

साहेब आत गेले. ताई भांडी घासत होती.

"सेवेत काही कमी पडतंय का?" तिनंच विचारलं.

"छे, तसं कोण म्हणेल? पण ते म्हणतात की तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही."

"बोलायचं तुम्ही सांगितलं नव्हतं. मान राखायला सांगितलंत. सांगितलं तेवढं करतेय." तिनं पातेलं पालथं घातलं. "आता माया करायला सांगणार असाल तर तेही सांगून टाका. पण ते मला जमायचं नाही. आणि जमलं नाही की आज्ञा मोडल्याचं पाप पुन्हा माझ्याच माथी. तेव्हा सांगण्याआधी विचार करा."

साहेबांच्या जिभेवर शास्त्रातलं वचन आलं होतं. त्यांनी ते गिळलं. पण घरी गेल्यावर चैन पडेना. नुसतं बाहेरून पाळलेलं आज्ञापालन पुरेसं नाही, तिला पुढचं सांगायलाच हवं, नाहीतर आपण कर्तव्यात चुकलो, असं ते पत्नीला, पाळकीणबाईंना, म्हणाले. बाई भाजी चिरत होत्या.

"तुम्ही त्याची कूस कधी बदललीत?"

"माझं काम ते..."

"तुमचं काम सांगायचं. ठाऊक आहे मला," बाई म्हणाल्या आणि चिरत राहिल्या.

ते पुढचं सांगणं राहूनच गेलं, कारण त्याच आठवड्यात ताईचा हात रुळात गेला. चादर सरकवता सरकवता तिला डुलकी लागली होती. समोरच्या बाईनं दांडा ओढून यंत्र थांबवलं, तरी उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि मनगटापर्यंत कातडी भाजून निघाली. त्याच इमारतीत दोन मजले वर तिला नेलं. साहेब पोचले तेव्हा तिचा नवरा व्हरांड्यात उभा होता. कामाचे कपडे तसेच होते. तो ओरडला नाही. ओरडला असता तर साहेबांना बरं वाटलं असतं.

"घरी तो माणूस सकाळपासून ओला पडलाय," तो म्हणाला. "मी त्याला उचलून रस्त्यावर ठेवू का? की तुम्ही नेता? सांगा. सांगायचं काम तुमचं ना?"

साहेबांनी मिस्त्रीला आपल्या घरी आणलं. वाचायच्या खोलीतलं टेबल बाहेर निघालं, खाट आत गेली. पहिल्यांदा अंग पुसायला घेतलं तेव्हा साहेबांना कळलं की मेलेला पाय किती जड असतो. घाणीचा वास हाताला साबणानंही जात नव्हता. बाई मदतीला येऊ लागल्या तर त्यांनी अडवलं. "हे मला करू द्या," ते म्हणाले. रात्री उठायचं ते विसरले, आणि आठवड्याच्या आत मिस्त्रीच्या पाठीवर लाल डाग उमटला. ताईच्या घरी इतक्या दिवसांत तो उमटला नव्हता.

मिस्त्री मात्र खुलला. इथं माणसं बोलत होती. त्याची जीभही थोडी सैल झाली. भाजीत मीठ कमी आहे म्हणू लागला, चहा गार झाला म्हणू लागला. एकदा त्यानं चालत्या हातानं ताटली ढकलून दिली आणि बाईंकडे अशा नजरेनं पाहिलं की त्या मागे सरल्या.

एका सकाळी साहेब त्याचे पाय पुसत होते. खिडकीतून ऊन आलं होतं आणि मिस्त्री खुशीत होता.

"आमच्या हिचं तेवढंच चुकलं बघा," तो म्हणाला.

"कोणाचं?"

"बायकोचं. मी बस म्हटलं होतं. ती उठली आणि दाराकडे गेली. बस म्हटल्यावर बसायचं की नाही? बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत राहायचं. तुम्हीच वाचून दाखवलं होतंत आत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हटलं, माझी चूक आहेच, पण सुरुवात तिची." त्यानं चालता पाय पुढे केला. "मला प्रभूनं क्षमा केली. तिला केली की नाही, देव जाणे. ती तशीच गेली ना, न मागता."

साहेबांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्यांना तो दिवस लख्ख आठवला. कुटुंबातल्या आज्ञापालनावर ते बोलत होते, आणि मिस्त्री ढसाढसा रडला होता. तेच रडणं त्यांनी गावोगाव नेलं होतं.

हातातला पाय टाकून द्यावा असं त्यांना वाटलं. पण त्यांनी तो पुसला, कोरडा केला, पांघरूण घातलं आणि बाहेर आले. बाई दारातच उभ्या होत्या.

"तुम्ही त्याला काय काय शिकवलंत?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना शिकवतो तेच."

साहेब मागच्या पायरीवर जाऊन बसले. पुष्कळ वेळानं उठले, आत जाऊन खाटेजवळ खुर्ची ओढली.

"मिस्त्री, नीट ऐका. तुमच्या बायकोनं कुठलीही आज्ञा मोडली नाही. मी वाचून दाखवलं त्याचा तो अर्थ नाही. तुम्हाला तसा अर्थ काढता येईल असं मी सांगितलं, त्याचा जाब मला द्यावा लागेल. पण तुम्हालाही द्यावा लागेल. तुम्ही पश्चात्ताप केलेला नाही. यापुढे तुम्हाला प्रभुभोजन मिळणार नाही."

मिस्त्रीचा चेहरा वाकडा झाला आणि तो रडू लागला. अगदी तुरुंगातल्यासारखा. साहेबांनी ते रडणं ओळखलं. या वेळी त्यांनी त्याचा हात हातात घेतला नाही.

"इतकी वर्षं मी दुसऱ्यांना आज्ञा सांगत आलो. तुम्हाला कधी सांगितलीच नाही, नुसती क्षमा सांगितली. आता सांगतो. तुमच्या मुलीला खरं सांगायचं. आईचा दोष न काढता."

मिस्त्रीनं भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर कित्येक दिवस तो जेवायला कुरकुरला, साहेबांशी बोलेना. साहेब पुसत राहिले, कूस बदलत राहिले. आता ते रात्रीही उठत.

ताई इस्पितळातून घरी आल्यावर ते तिला भेटायला गेले. जिथं खाट होती तिथं तिची मुलगी पाय पसरून अभ्यास करत होती. ताईनं तिला आत पाठवलं. तिचा हात पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला, गळ्यात अडकवलेला.

"मी तुम्हाला जे सांगितलं होतं ते मागे घेतो," साहेब म्हणाले. "ते सांगताना माझ्या मनात फक्त आज्ञा नव्हती. लोकांना सांगता येईल असं काहीतरी हवं होतं मला."

"ते मला माहीत आहे. त्या रविवारी मी समोरच बसले होते." ती थोडा वेळ पट्टीकडे बघत राहिली. "पण मागे कसं घेता? ती आज्ञा देवाची होती की तुमची? देवाची असेल तर तुम्ही मागे घेणारे कोण? आणि तुमची असेल, तर मी इतके दिवस काय करत होते?"

आतून मुलीच्या पाठांतराचा आवाज येत होता.

"मी येईन," ताई शेवटी म्हणाली. "तुम्ही सांगताय म्हणून नाही. मला त्याला एक गोष्ट विचारायचीय."

ती साहेबांच्या घरी आली तेव्हा नवरा खालीच थांबला. ताई खाटेपाशी उभी राहिली, खुर्ची दिली तरी बसली नाही. मिस्त्री तिच्या हाताकडे बघू लागला.

"आई शेवटी काय म्हणाली?" तिनं विचारलं. इतक्या दिवसांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

मिस्त्रीनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नजर हलवली नाही.

"मी... बस म्हटलं," तो म्हणाला आणि अडखळला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडाशी आलेलं साहेबांना दिसलं, तेच, सुरुवात तिची. ते आलं नाही. "पोरगी यायची वेळ झाली, तिच्यासमोर नको, असं म्हणाली. दार लावायला गेली होती ती. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. पळत नव्हती."

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

ताई तशीच उभी होती. मिस्त्रीचं डोकं उशीवरून घसरलं होतं, आणि तिचा चांगला हात सवयीनं थोडा पुढे झाला. मग तो मागे आला. ती वळली आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर मिस्त्री मागत नव्हता, तरी साहेबांनी त्याला प्रभुभोजन दिलं. भाकरीचा तुकडा त्याला नीट चावता येईना. तो रडला नाही. आपण बरोबर केलं की घाई केली, हे साहेबांना तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही. थंडी पडली तशी मिस्त्रीची छाती भरली आणि तो गेला. पुरताना ताई आणि तिचा नवरा आले होते, मुलगा आला नाही. खड्डा खोदणारी माणसं धरून सगळे मिळून मोजकेच. साहेबांनी मातीची प्रार्थना म्हटली आणि मिस्त्रीबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. ताईनं डाव्या हातानं मूठभर माती टाकली. नवरा फावडं मागून घेऊन खड्डा भरायला लागला आणि पूर्ण भरेपर्यंत थांबला नाही.

पुढे मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी एकदोनदा विचारलं की साहेब, ती तुरुंगाची साक्ष हल्ली सांगत नाही तुम्ही. बाहेरच्या मंडळीचं बोलावणं आलंय. साहेब नाही म्हणाले. आज्ञापालन शिकवणं त्यांनी सोडलं नाही, ते सोडता येण्याजोगं कामच नव्हतं. पण कोणाला काय करायचं हे सांगण्याआधी ते त्याच्या घरी जाऊन बसू लागले, आणि कधीकधी काही न सांगताच उठून येऊ लागले. साहेब आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, असं पंच म्हणत. त्यात तक्रार होती.

ताई कित्येक महिने सभेला आली नाही. साहेबांनी तिला बोलावणं धाडलं नाही. मग एका रविवारी ती नवरा आणि मुलीबरोबर आली आणि मागच्या बाकावर बसली. सगळे मिळून दहा आज्ञा म्हणत होते. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेपाशी तिचे ओठ मिटलेले साहेबांना वरून दिसले. शेजारी तिची मुलगी ती आज्ञा मोठ्यानं म्हणत होती, आणि ताई मान वळवून तिच्याकडे बघत होती. पुढची आज्ञा खून न करण्याची. ती ताईनं सगळ्यांबरोबर म्हटली.

प्रभुभोजनाला ती पुढे आली नाही. सभा सुटल्यावर दाराशी तिनं डावा हात पुढे केला आणि साहेबांनी तो धरला.

"कामावर जाता?" त्यांनी विचारलं.

"जाते. रुळावर नाही आता. पलीकडे, घड्या घालायला बसवलंय."

"एका हातानं जमतं?"

"वेळ लागतो," ताई म्हणाली. नवरा आणि मुलगी पुढे गेले होते. ती त्यांच्या मागे पायऱ्या उतरू लागली.